दुसरा प्रश्न : अमेरिकेच्या इतिहासाचे बालवाचन

इंग्रजी शाळेत चार इयत्ता काढलेल्या मराठी माणसास जॉर्ज वॉशिंग्टनविषयी दुसरे काही ठाऊक नसले तरी चेरीच्या झाडाची गोष्ट ठाऊक असते. सहा वर्षांच्या मुलाच्या हाती नवी कुऱ्हाड येते, बापाच्या आवडत्या झाडावर तो ती चालवतो, बाप जाब विचारतो, आणि मुलगा भिऊन का होईना पण खरे सांगतो. बापास झाड गेल्याचे दुःख न वाटता मुलाच्या सत्यप्रियतेचा आनंद होतो. आपल्याकडे टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट ज्या ओघात आणि ज्या हेतूने घरोघर सांगितली जाते, त्याच ओघात व त्याच हेतूने ही गोष्ट अमेरिकेत दोनशे वर्षे सांगितली जात आहे. अशा गोष्टी खऱ्या की खोट्या हे सहसा कोणी विचारीत नाही. इसापनीतीतील कोल्ह्याची वंशावळ जशी कोणी शोधीत नाही, तद्वत् येथेही ‘तात्पर्य’ हाती आले म्हणजे काम भागले असे आपण समजतो.

आमच्या एका स्नेह्यांची नात न्यू जर्सीत दुसऱ्या इयत्तेत शिकते. गेल्या उन्हाळ्यात ती पुण्यास आली, तेव्हा वाचनाच्या सरावाचे काही कागद तिच्याबरोबर आले होते. त्यांपैकी एकावर वरच्या अर्ध्या भागात ही गोष्ट सोप्या शब्दांत छापलेली होती व खाली प्रश्न होते. त्यांतला पहिला असा : जॉर्जने कोणता सद्गुण दाखवला? पुढे दिलेल्या चार शब्दांपैकी योग्य शब्दाभोवती वर्तुळ काढावयाचे होते. मुलीने वर्तुळ काढले आणि मग सहज विचारले, “आजोबा, पण ते झाड लावलं कुणी होतं?”

आजोबा मुलखाचे वाचलेले गृहस्थ. पण त्यांना उत्तर देता आले नाही. त्यांनी ही हकीकत आम्हांस गंमत म्हणून सांगितली. आम्हांस मात्र तीत गमतीपेक्षा अधिक काही दिसले. पाठाखाली छापलेला प्रश्न हा पुस्तकाचा असतो. त्याचे उत्तर पाठातच दडवून ठेवलेले असते व ते शोधून काढले की मुलास वाचता आले असे ठरते. त्यानंतर मूल आपण होऊन जो दुसरा प्रश्न विचारते, तो त्याचा स्वतःचा. लहान मुलांसाठी लिहिलेल्या इतिहासाची परीक्षा या दुसऱ्या प्रश्नावर करावी, असे आमचे मत आहे. जो पाठ तो प्रश्न पेलतो तो चांगला. ज्यास त्या प्रश्नाची भीती वाटते, तो कितीही सुबक छापलेला असो, त्यात काही तरी खोट असली पाहिजे.

अक्षरओळख आणि शील यांची गाठ अमेरिकेत फार जुनी आहे. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६४७ साली कायदा केला की, पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाने मुलांस लिहावयास-वाचावयास शिकवणारा मनुष्य नेमलाच पाहिजे. कारण लोकांस बायबल वाचता येऊ न देणे हा सैतानाचा मुख्य डाव होय! १६९० च्या सुमारास बॉस्टन येथे बेंजामिन हॅरिसने काढलेल्या ‘न्यू इंग्लंड प्रायमर’मध्ये मुलास पहिले अक्षर भेटते तेच आदमच्या पापाबरोबर. क्रांती होऊन गेल्यावर १७८३ साली नोआ वेब्स्टरने आपले शुद्धलेखनाचे पुस्तक काढले. तेव्हा सैतान थोडा मागे सरला व त्याच्या जागी नागरिक आला. परंतु वाचावयास शिकणे म्हणजे चांगले होण्यास शिकणे हा समज कायम राहिला. १८३६ पासून निघू लागलेल्या मॅकगफीच्या वाचनमालेने तर या समजाची राष्ट्रव्यापी पेढीच उघडली. तिच्या बारा कोटींच्या आसपास प्रती खपल्या असाव्यात असा अंदाज केला जातो. चेरीच्या झाडाची गोष्ट तिनेही घेतली, आणि घेताना मुलाच्या तोंडची भाषा अधिक औपचारिक केली व बापाच्या अधिकारापुढे त्यास अधिक वाकवले. गोष्ट एकच, पण एका पिढीत तिचे तात्पर्य सत्यप्रियतेकडून आज्ञाधारकतेकडे कसे सरकले, हे पाहण्यासारखे आहे.

ही गोष्ट प्रथम लिहिली मेसन लॉक वीम्स या पाद्र्याने. हा गृहस्थ पाद्री खरा, पण पोट भरीत असे ते गावोगाव पुस्तके विकून. वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरात वारला आणि १८०० सालीच वीम्सचे चरित्र बाजारात आले. त्यात कुऱ्हाड नव्हती. ती आली १८०६ सालच्या पाचव्या आवृत्तीत. आधारादाखल एका वृद्ध बाईचा उल्लेख आहे, नाव नाही. दुसरा कोणताही पुरावा आजतागायत मिळालेला नाही. सत्यवचनाचा महिमा गाणारी कथा स्वतः सत्याच्या कसोटीस उतरत नाही, हा विनोद अमेरिकन लोकांनीच इतक्या वेळा केला आहे की, आता त्यात रस उरलेला नाही; आम्हीही तो येथे पुन्हा करीत बसत नाही.

किंबहुना वीम्सच्या बाजूने एक गोष्ट सांगणे न्यायाचे होईल. १८६१ च्या फेब्रुवारीत अध्यक्षपद स्वीकारण्यासाठी निघालेला लिंकन ट्रेंटन येथे थांबला असता त्याने तेथील सिनेटपुढे या पुस्तकाची आठवण काढली. वाचता येऊ लागल्याच्या अगदी पहिल्या दिवसांत हे लहानसे पुस्तक त्याच्या हाती पडले होते. त्याच्या मनावर ठसली ती ट्रेंटनची लढाई, नदी ओलांडणे, सैनिकांनी सोसलेले हाल. आणि त्या वयातही त्यास असे वाटले होते की, ही माणसे ज्यासाठी एवढे झगडली ते काही तरी असामान्य असले पाहिजे. म्हणजे कुऱ्हाडीच्याच पुस्तकातून त्या मुलाने कुऱ्हाड बाजूस ठेवली आणि आपला दुसरा प्रश्न विचारला : ही माणसे कशासाठी झगडली? त्या प्रश्नाचे उत्तर देण्यात त्याचे पुढचे आयुष्य गेले. वाईट पुस्तकातूनही चांगले वाचन होऊ शकते याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. परंतु प्रत्येक वर्गात लिंकन बसलेला नसतो, आणि पुस्तके लिहिणारांनी त्याच्या भरवशावर राहू नये.

आमच्या स्नेह्यांच्या नातीचा प्रश्न एका चित्रकारासही सुचला असावा. ग्रँट वुड याचे १९३९ सालचे ‘पार्सन वीम्सची दंतकथा’ हे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात वीम्स स्वतः पडदा बाजूस सारून प्रसंग दाखवीत उभा आहे. लहानग्या जॉर्जच्या धडावर डॉलरच्या नोटेवरचे म्हाताऱ्या वॉशिंग्टनचे डोके बसवलेले आहे. बाप पुढे हात करून उभा आहे. या गमतीत गुंतलेली नजर मागे गेली म्हणजे दूरवर दुसरे एक चेरीचे झाड दिसते, आणि त्याची फळे दोन गुलाम तोडीत आहेत. झाडे कोणी लावली, फळे कोणी उतरवली, हे त्या चित्रात आहे. वाचनाच्या कागदावर नाही.

आता अलीकडच्या शाळांकडे वळू. २००२ साली अंमलात आलेल्या कायद्याने अमेरिकेतील प्राथमिक शाळांस वाचन व गणित या दोन विषयांच्या वार्षिक परीक्षा बंधनकारक केल्या. ज्याची परीक्षा नाही त्यास तास नाही, हा नियम तेथेही लागू पडला व इतिहास आक्रसत गेला. मग शिक्षकांनी व प्रकाशकांनी युक्ती काढली : इतिहास वाचनाच्या तासातच शिकवावा. याच सुमारास शीलशिक्षणाची चळवळही शाळांतून जोरात होती. सद्गुणांच्या याद्या झाल्या, भिंतींवर तक्ते लागले, महिन्यास एक सद्गुण असे वाटप झाले. एकच पाठ इतिहासाचाही, वाचनाचाही आणि सद्गुणाचाही होऊ लागला. युक्ती वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. सात-आठ वर्षांच्या मुलास राज्यघटनेची कलमे सांगण्यापेक्षा माणसाची गोष्ट सांगणे केव्हाही शहाणपणाचे, आणि आपल्याकडेही चौथीच्या मुलांस शिवछत्रपतींच्या चरित्रातूनच इतिहासाची गोडी लावण्याची परंपरा आहे. दोष आहे तो सद्गुण आधी ठरवून माणूस त्यात बसवण्याचा. सप्टेंबरात ‘जबाबदारी’ आणि नोव्हेंबरात ‘कृतज्ञता’ असे ठरले की, इतिहासातील माणसांस त्या त्या महिन्यापुरते कापून घ्यावे लागते.

उदाहरणार्थ, नोव्हेंबरातील स्क्वांटो. प्लिमथला उतरलेल्या यात्रेकरूंस मका पेरावयास शिकवणारा हा इंडियन ‘परोपकारा’च्या पाठात ठरलेला. आता कोणतेही चुणचुणीत मूल विचारील की, त्याला इंग्रजी कसे येत होते? खरे उत्तर असे : १६१४ साली एका इंग्रज खलाशाने त्यास पळवून स्पेनमध्ये विकावयास नेले, तेथून तो लंडनला पोचला, इंग्रजी शिकला, आणि १६१९ साली परत आला तेव्हा त्याचे गाव रोगाने नामशेष झालेले होते. यात्रेकरूंनी वसाहत केली ती त्याच्याच ओसाड गावाच्या जागी. हे सांगितल्याने त्याचा परोपकार कमी होत नाही. उलट तो काय भावाने पडला ते कळते. पाठ मात्र हे सांगत नाही, कारण त्या महिन्याच्या तक्त्यावर दुःखासाठी चौकट नाही.

या पद्धतीचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे २०१६ च्या जानेवारीत निघालेले ‘जॉर्ज वॉशिंग्टनसाठी वाढदिवसाचा केक’ हे चित्रपुस्तक. लेखिका रामिन गणेशराम, चित्रकर्त्या व्हेनेसा ब्रँटली-न्यूटन, प्रकाशक स्कॉलॅस्टिक. वॉशिंग्टनच्या मुदपाकखान्यातील गुलाम आचारी हर्क्युलिस व त्याची मुलगी डीलिया यांची ही कथा. साखर संपलेली, वाढदिवस तर आलेला, आणि बापलेक कौशल्याने वेळ साजरी करतात. निवेदन मुलीचे आहे. पुस्तक निघताच त्यावर टीकेचा भडिमार झाला आणि दोन आठवड्यांच्या आत प्रकाशकांनी ते मागे घेतले. मागे घेणे योग्य की अयोग्य हा वाद निराळा. पुस्तके बाजारातून उठवण्याच्या आम्ही सहसा विरुद्ध आहो. लेखिकेचा हेतूही हीन नव्हता. एका गुणी कारागिराचे कसब मुलांस दाखवावे व त्यास केवळ दयेचा विषय करू नये, हा हेतू कोणासही मान्य व्हावा. परंतु पुस्तकाची रचना पाहा. हर्क्युलिस पुढे पळून गेला, ही गोष्ट लेखिकेस ठाऊक होती व ती तिने सांगितलीही आहे, पण कोठे? शेवटच्या टिपेत, मोठ्या माणसांसाठी. मुलांच्या वाट्यास आली ती हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे. प्रौढांस सत्य आणि बालकांस स्मित, अशी ही वाटणी आहे, आणि आमच्या मते पुस्तकाचा खरा दोष तेथे आहे. मुलाने विचारले की, ‘मग ते दोघे घरी केव्हा गेले?’ तर चित्रांच्या पानांत त्यास उत्तर नाही.

सगळ्याच बालपुस्तकांची तऱ्हा अशी नाही हे सांगितले पाहिजे. जीन फ्रिट्झ यांचे पॉल रिव्हीअरवरील १९७३ सालचे पुस्तक आम्हांस फार आवडते. लॉंगफेलोच्या १८६१ सालच्या कवितेने रिव्हीअरला एकटाच घोडेस्वार करून टाकले. वस्तुतः त्या रात्री विल्यम डॉज व सॅम्युअल प्रेस्कॉट हेही होते, रिव्हीअर वाटेत पकडला गेला, आणि कॉन्कर्डला निरोप पोचवला तो प्रेस्कॉटने. फ्रिट्झबाईंचा रिव्हीअर घाईगर्दीचा, विसराळू, नाना उद्योगांत गुंतलेला माणूस आहे. त्याचे पकडले जाणे त्या लपवीत नाहीत. मुले हसतात, आणि हसता हसता त्यांस कळते की, फजिती झालेला मनुष्यही धैर्याचा असू शकतो.

परंतु वॉशिंग्टनचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तेथे हसून भागत नाही. तो कसा शिकवावा? आम्हांस असे वाटते की, त्यासाठी नवीन गोष्टी रचण्याची गरजच नाही. जुने कागद पुरेत, आणि ते थोडेच आहेत.

पहिला कागद म्हणजे मुलाच्या हातचा कित्ता. वॉशिंग्टनने लहानपणी अक्षर वळवण्यासाठी सभ्य वर्तनाचे एकशे दहा नियम आपल्या वहीत उतरून काढले होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील जेझुइट पंथीयांनी केलेल्या संग्रहापर्यंत त्यांचे मूळ जाते. बोटांनी टेबलावर ताल धरू नये, विस्तवात थुंकू नये, येथपासून ते सदसद्विवेकबुद्धी मनात जागी ठेवावी, येथपर्यंत सर्व काही त्यांत आहे. ही वही आजही उपलब्ध आहे. अक्षर आणि आचरण एकाच लेखणीने गिरवणारा हा मुलगा चेरीच्या झाडाखालच्या मुलापेक्षा आम्हांस कितीतरी अधिक खरा वाटतो. कारण कित्ता आपणही गिरवला आहे. वर्गातील मुलांनी त्यांतले चार नियम उतरून काढावे, कोणते आज लागू आहेत ते बोलावे. हा एक उत्तम पाठ होईल.

दुसरा कागद त्याच हाताने १७९१ च्या एप्रिलात लिहिलेला आहे. राजधानी तेव्हा फिलाडेल्फियास होती. पेन्सिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्या माणसाचे गुलाम त्या राज्यात सलग सहा महिने राहिले तर त्यांस स्वातंत्र्य मागण्याचा हक्क मिळे. वॉशिंग्टनने आपला चिटणीस टोबायस लिअर यास लिहिले की, मुदत भरण्यापूर्वी त्यांस व्हर्जिनियास परत पाठवण्याची व्यवस्था करावी, आणि ती अशा काही निमित्ताने करावी की, त्या माणसांचीही दिशाभूल व्हावी व लोकांचीही. ज्याच्या तोंडून खोटे निघत नसे असे मुलांस शिकवले जाते, त्याचे हे पत्र. आम्ही हे उकरून काढण्याच्या आनंदाने लिहीत नाही. आठ वर्षांच्या मुलापुढे हे पत्र ठेवावे असेही आमचे म्हणणे नाही. ते शिक्षकाच्या मनात असावे, म्हणजे चेरीच्या झाडाचे वर्तुळ काढून घेताना त्याचा हात जरा थबकेल.

तिसरा कागद मात्र मुलांपुढे निःशंक ठेवावा. १७९६ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात अध्यक्षांच्या घरचा कारभारी फ्रेडरिक किट याच्या नावाने एक जाहिरात आली. ओनी जज नावाची सुमारे वीस वर्षांची मुलगी घरातून निघून गेली आहे. तोंडावर वांग पुष्कळ, डोळे अगदी काळे, केस दाट. अंगावर घालावयास निरनिराळे चांगले कपडे आहेत. जहाजाने पळण्याचा संभव आहे. आणून देणारास दहा डॉलर. मधेच एक वाक्य असे की, तिने पळून जावे असे चिडण्याजोगे काहीही घडलेले नव्हते. तिसरी-चौथीच्या मुलास वाचन म्हणजे काय हे शिकवावयाचे असेल तर या वाक्याइतके उत्तम साधन मिळणे कठीण. हे कोणी लिहिले? कोणासाठी लिहिले? काही घडले नव्हते असे कोणाला वाटते? ते विधान खरे आहे हे ओनास विचारले होते काय? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर पाठात दडवलेले नाही. मुलास ओळींच्या मागे जावे लागते, आणि आमच्या मते वाचनाचा आरंभ तेथेच होतो.

काय घडले होते ते पुढे ओनानेच सांगितले. मार्थाबाई आपल्या नातीस, एलिझाबेथ कस्टिस हिला, लग्नानंतर ओना देऊन टाकणार होत्या. ओना ही त्यांच्या पहिल्या पतीच्या मिळकतीत मोडत असे. घरची मंडळी जेवावयास बसली असता ती बाहेर पडली व जहाजाने न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्स्मथ येथे गेली. वॉशिंग्टनने आपला अर्थमंत्री वोल्कॉट यास लिहिले की, या मुलीला घरात दासीपेक्षा लेकराप्रमाणे वाढवले असता ती कृतघ्नपणे गेली. तेथील जकात-अधिकारी व्हिपल तिला भेटला. यजमानांच्या पश्चात मुक्त करण्याचे वचन मिळाल्यास ती परत येण्यास तयार होती, असे त्याने कळवले. वॉशिंग्टनने असला सौदा साफ नाकारला. १७९९ साली पुन्हा एक प्रयत्न झाला, तोही फसला. ओना १८४८ साली, वॉशिंग्टननंतर जवळजवळ अर्धशतकाने, त्याच राज्यात वारली. कायद्याच्या दृष्टीने ती अखेरपर्यंत फरारीच होती.

१८४५ साली एका पाद्र्याने तिची भेट घेऊन ती वर्तमानपत्रात छापली. त्यातील एक तपशील आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. तिने सांगितले की, वॉशिंग्टनच्या घरात असेपर्यंत बुद्धीचे वा नीतीचे कसलेही शिक्षण आपणास मिळाले नाही. वाचावयास शिकलो ते पोर्ट्स्मथला आल्यानंतर. एकशे दहा नियम ज्याने बालपणी गिरवले त्याच्या घरात वाढलेली मुलगी हे सांगते. तिला असेही विचारण्यात आले की, तेथून निघाल्यावर इतके कष्ट उपसावे लागले, पश्चात्ताप होत नाही काय? तिने उत्तर दिले, नाही, मी स्वतंत्र आहे. अक्षरज्ञान आणि शील यांची सांगड घालणारा पाठ शिक्षकांस हवा असेल तर तो येथे आहे. एमिली आर्नल्ड मकली यांनी २००७ साली ओनाच्या पलायनावर लहान मुलांसाठी चित्रपुस्तक केले आहे, आणि एरिका आर्मस्ट्राँग डनबर यांच्या २०१७ सालच्या चरित्राची बालवाचकांसाठी आवृत्ती २०१९ साली निघाली. म्हणजे साधने नाहीत अशी तक्रार आता करता येणार नाही.

आणि शेवटी वॉशिंग्टनचे मृत्युपत्र. त्याच्या स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांस मुक्त करावे असे त्यात आहे, आणि त्यांतील पोरक्या मुलांस लिहावयास-वाचावयास शिकवावे व उपयुक्त धंदा द्यावा असेही आहे. ओनासारख्या, पत्नीच्या पहिल्या घराकडून आलेल्या गुलामांस त्याचा लाभ नव्हता. ज्याने दिशाभूल करावयास लिहिले, ज्याने सौदा नाकारला, त्यानेच हेही लिहिले. हे सर्व एका माणसाचे आहे. या माणसाभोवती एका शब्दाचे वर्तुळ काढता येत नाही, आणि तरीही तो थोर होता असे आम्हांस वाटते. राज्य हाती असता ते आपण होऊन सोडणारे पुरुष जगात फार थोडे झाले. त्याचे दोष सांगितल्याने मुलांच्या मनातील आदर नष्ट होतो हे म्हणणे आम्हांस पटत नाही. आदर नष्ट होतो तो पुढे पंधराव्या वर्षी, आपणास लहानपणी बनवले गेले हे कळते तेव्हा. आणि मग तो वॉशिंग्टनपुरताच नष्ट होत नाही, शिक्षकावरचा विश्वासही बरोबर घेऊन जातो.

येथे आपल्यातील एका वाचकाची आठवण होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सज्जन लोकांस, त्यांनी गुलामांस दास्यमुक्त करण्याच्या कामी दाखवलेल्या औदार्याबद्दल, अर्पण केले. पुण्यात बसून अमेरिकेचा इतिहास वाचणाऱ्या या माणसाने त्यातून जे उचलले ते गुलामांच्या मुक्ततेचे प्रकरण. कारण त्याचा दुसरा प्रश्न त्याच्या स्वतःच्या गावचा होता.

राहिला एक आक्षेप, आणि तो आमच्या स्नेह्यांनीच घेतला. ते म्हणाले, “तुमचं सगळं बरोबर आहे हो, पण सात वर्षांच्या पोरीला हे कळायचं कसं? तिला रात्री झोप लागायला हवी ना!” आक्षेप खोटा नाही. कोवळ्या मनापुढे फटके, लिलाव आणि बेड्या मांडून बसणारी पुस्तकेही आम्ही पाहिली आहेत. तीही आम्हांस मान्य नाहीत. भय दाखवणे म्हणजे सत्य सांगणे नव्हे, आणि किती सांगावे हे मुलाच्या प्रश्नावरून ठरवावे. त्याने विचारले तेवढे सांगावे, न विचारलेले त्यावर लादू नये. परंतु ‘मुलांस कळणार नाही’ हे मात्र आम्ही मान्य करीत नाही, आणि त्यास कारण आहे.

वर ज्या हर्क्युलिसचा उल्लेख केला तो १७९७ च्या २२ फेब्रुवारीस, म्हणजे वॉशिंग्टनच्या पासष्टाव्या वाढदिवशीच, माउंट व्हर्ननहून नाहीसा झाला. त्याची मुले मागे राहिली. पुढे फ्रान्सचा राजा झालेला लुई फिलिप त्या वेळी देशोधडीस लागून अमेरिकेत हिंडत होता. तो एप्रिलात माउंट व्हर्ननला पाहुणा म्हणून उतरला व त्याने आपल्या रोजनिशीत एक प्रसंग टिपून ठेवला. त्याच्या नोकराने हर्क्युलिसच्या लहान मुलीस म्हटले की, बाप आता कधी दिसणार नाही, तुला फार वाईट वाटत असेल. मुलीने उत्तर दिले की, नाही महाराज, मला फार आनंद झाला आहे, कारण ते आता मोकळे झाले. लुई फिलिपने तिचे वयही लिहून ठेवले आहे. ती सहा वर्षांची होती. अमेरिकेतील शाळांत हे वय पहिल्या इयत्तेचे.